थापीबरोबर नोंदवहीही द्या : उत्खनन संचालकांना खुले पत्र

उत्खनन मोहिमांच्या सर्व संचालकांना,
सप्रेम नमस्कार.

मी शाळेत इतिहास शिकवतो. उत्खननाच्या प्रस्तावांत ‘विद्यार्थी आणि स्थानिक समाजाचा सहभाग’ असा एक परिच्छेद हल्ली बहुधा असतोच. हे पत्र त्या परिच्छेदाबद्दल आहे.

त्या नावाखाली प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे. सकाळी शाळेची बस येते. मुलं रांगेने चरांच्या कडेकडेने फिरतात. एक सहायक पाठ केलेली माहिती सांगतो. दोन-तीन मुलांच्या हातात ब्रश दिला जातो आणि आदल्या दिवशीच साफ करून ठेवलेल्या फरशीवर ती तो फिरवतात. फोटो निघतो, दुपारच्या आत बस परत. पुढे अहवालात तो फोटो छापून येतो, पण त्या चरात नंतर काय निघालं हे मुलांना कुणी कळवत नाही. गावकऱ्यांचा सहभाग म्हणजे घमेली वाहणं आणि समारोपाची भाषणं ऐकणं.

माझी मागणी एकच आहे. मुलांना आणि गावकऱ्यांना खणायला बोलावत असाल, तर नोंद करण्याचं कामही त्यांच्याकडे द्या. माती कुठे बदलली, थर कुठे संपला, खापर किती खोलीवर मिळालं हे त्यांनी पाहावं, आपसांत ठरवावं आणि लिहावं. तुम्ही तपासावं, चुकलं तर खोडून पुन्हा लिहायला लावावं.

ही मागणी का, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र खुलं आहे, इतरही वाचतील. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. प्रयोगशाळेत मिश्रण बिघडलं तर दुसऱ्या परीक्षानळीत नव्याने करता येतं, जुन्या वस्तीच्या टेकाडाचा एक चौरस मीटर मात्र एकदाच खणता येतो. त्यानंतर हातात राहतात त्या वस्तू आणि नोंदी, आणि नोंदी नसतील तर त्या वस्तू कुठल्याही बाजारातून आणल्यासारख्याच. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पिट-रिव्हर्स १८८० च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनबोर्न चेस भागात खणत होते. खड्डा बुजवण्याआधी ते त्याच्या तळाशी स्वतःच्या नावाचं एक पदक ठेवत. पुढे कुणी तिथे खणलंच, तर इथली माती आधीच हलवलेली आहे हे त्याला कळावं, एवढाच हेतू. इतक्या वर्षांपूर्वी एका माणसाने आपण काय मोडतो आहोत याचा हिशेब ठेवला होता. तो हिशेब म्हणजे काय, हे मुलाला ब्रश फिरवून समजणार नाही.

ते समजतं छेदासमोर. चराची उभी भिंत साफ केली आहे, पातळी धरून सुतळी ताणली आहे, आलेखाच्या कागदावर थर उतरवायचे आहेत. एका मुलाला राखेचा एकच जाड थर दिसतो. शेजारच्या मुलीला त्यात दोन थर दिसतात, मधे मातीची पुसट पट्टी. दोघं भांडतात. भिंतीवर पाणी फवारून पुन्हा बघतात, थापीच्या टोकाने जरा खरवडतात, मग देखरेख करणाऱ्याला हाक मारतात. तो आला की लगेच उत्तर देत नाही, ‘तुम्हाला पट्टी दिसते ती डावीकडे कुठपर्यंत जाते?’ एवढंच विचारतो. पट्टी खरी असेल तर इथे जाळ होऊन गेल्यावर काही काळ माती साचली आणि मग पुन्हा जाळ झाला. पट्टी नसेल तर एकदाच. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीमागे अशी किती भांडणं मिटवलेली किंवा अर्धवट सोडलेली असतात, हे वर्गात फळ्यावर सांगून पटवता येत नाही. मी वर्षानुवर्षं तेच करतो आहे, म्हणून सांगतो.

आता तुमचा पहिला आक्षेप मला ऐकू येतो: इतकं मोलाचं टेकाड शिकाऊ हातांत कसं द्यायचं? आक्षेप रास्त आहे. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने ५ डिसेंबर १९५६ रोजी नवी दिल्लीत पुरातत्त्वीय उत्खननाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांची एक शिफारस स्वीकारली. ‘काही’ उत्खननांत विद्यार्थ्यांना सहभागी करून घ्यावं, असं ती सांगते. तीच शिफारस असंही सांगते की वेगवेगळ्या काळांतली काही स्थळं पूर्णतः किंवा अंशतः न खणता राखून ठेवावीत, म्हणजे पुढच्या पिढीला अधिक सुधारलेल्या तंत्राने ती खणता येतील. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर. म्हणजे सगळंच सगळ्यांसाठी खुलं करा असं कुणी म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणत नाही. राखून ठेवायचं टेकाड राखा. मुलांसाठी दुसरी जमीन शोधा.

अशी जमीन मुबलक आहे, हे तेव्हा केंब्रिज विद्यापीठात असलेल्या पुरातत्त्वज्ञ कॅरेन्झा लुईस यांनी दाखवून दिलं. शाळकरी मुलांसाठी त्यांनी २००५ मध्ये एक उपक्रम सुरू केला. प्राचीन अवशेष म्हणून नावाजलेल्या जागा त्यांनी घेतल्याच नाहीत. पूर्व इंग्लंडमधली आज नांदती असलेली गावं निवडली. घरामागची बाग, शाळेचं आवार, रस्त्याकडेची मोकळी हिरवळ अशा ठिकाणी एक मीटर लांब, एक मीटर रुंद असे चाचणी खड्डे आखले. तीन-चार मुलांचा गट, एक खड्डा. दहा-दहा सेंटिमीटरचा टप्पा खणायचा, निघालेली सगळी माती चाळायची, त्या टप्प्यातलं जे काही मिळेल ते वेगळ्या पिशवीत, आणि प्रत्येक टप्प्याची नोंद छापील पुस्तिकेत. दोन दिवस खणायचं आणि तिसऱ्या दिवशी विद्यापीठात बसून अहवाल लिहायला शिकायचं. त्या तिसऱ्या दिवसासाठी मी या उपक्रमाला बाकी सगळ्यांच्या वर ठेवतो.

एकेका खड्ड्यातून काय निघतं? बहुतेक वेळा काही खापरं, एखादा खिळा, जनावराच्या हाडाचा तुकडा, मातीच्या चिलमीची नळी. वर्तमानपत्रात छापण्याजोगं काही नाही. पण असे खड्डे वर्षागणिक वाढत गेले, मुलांबरोबर गावातली मोठी माणसंही आपापल्या अंगणात खणू लागली, आणि पन्नासहून अधिक वस्त्यांत मिळून दोन हजारांवर खड्डे झाले. मग लुईस यांनी एक साधा प्रश्न विचारला. चौदाव्या शतकाच्या मध्यात युरोपात प्लेगची प्रचंड साथ आली. त्याआधीची खापरं किती खड्ड्यांत मिळतात आणि त्यानंतरच्या काळातली किती? उत्तर २०१६ मध्ये ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात छापून आलं. साथीनंतरच्या शतकांत खापरं मिळणाऱ्या खड्ड्यांची संख्या सुमारे ४५ टक्क्यांनी घटली होती, आणि ही घट दीर्घकाळ टिकली. खापरं कमी, म्हणजे तिथे राहणारी माणसंही कमी. त्या साथीत किती माणसं मेली यावर इतिहासकार कागदपत्रांवरून पिढ्यान् पिढ्या वाद घालत आले आहेत. त्यात शाळकरी मुलांनी चाळलेल्या मातीची साक्ष दाखल झाली.

यातली एक गोष्ट सहज नजरेआड होते. हा हिशेब रिकाम्या खड्ड्यांवरही उभा आहे. ज्या खड्ड्यात साथीनंतरचं एकही खापर नाही, तोही पुरावाच, पण तो प्रामाणिकपणे नोंदलेला असला तरच. ‘आमच्या खड्ड्यात काहीच मिळालं नाही’ म्हणून एखाद्या गटाने पुस्तिका कोरी सोडली असती, तर आकडा खोटा ठरला असता. काही न मिळाल्याची नोंद तितक्याच काळजीने करायला लावणारा दुसरा शालेय उपक्रम मला तरी माहीत नाही. आमच्या विज्ञानाच्या तासाला तर मुलं उत्तर आधी बघून निरीक्षणं मागून भरतात. आम्ही शिक्षक ते चालवूनही घेतो.

मुलांच्या नोंदी कच्च्या असतात, हा दुसरा आक्षेप. असतात. म्हणूनच नमुना छापील हवा, टप्पे ठरलेले हवेत, आणि दोन-तीन खड्ड्यांमागे एक जाणकार माणूस हवा. खापरांचा काळ मुलांनी ठरवायचा नसतो, ते काम तज्ज्ञाचंच. मुलांचं काम इतकंच की कुठल्या पिशवीत कुठल्या टप्प्यातलं आहे, यात घोळ होऊ द्यायचा नाही. बारा-तेरा वर्षांचं मूल या बाबतीत मोठ्यांपेक्षा काटेकोर असतं, हे मी पैजेवर सांगेन. मोठी माणसं कंटाळली की दोन टप्पे एकत्र करतात.

वाळूच्या हौदातल्या लुटुपुटूच्या उत्खननाबद्दल थोडक्यात. संग्रहालयं आणि शाळा हौदात नकली मडकी, नकली नाणी पुरतात आणि मुलांना शोधायला सोडतात. अर्ध्या तासात सगळं ‘सापडतं’. मुलं खूश, पालक खूश. शिकवलं काय गेलं? वस्तू हुडकून वर काढणं म्हणजे पुरातत्त्व, हे. नेमकी तीच समजूत घेऊन चोरटे टेकाडं उकरतात. हौद वापरायचाच असेल तर निदान त्यात चार रंगांच्या मातीचे थर घाला, एक थर मधेच कापून खड्डा करा, आणि कुठला थर आधीचा, खड्डा केव्हाचा, असं विचारा. वस्तू एकही नसली तरी चालेल.

त्याहून मोठी कल्पना हवी असेल तर इंग्लंडच्याच ओव्हरटन डाउनकडे बघा. तिथे १९६० मध्ये पुरातत्त्वज्ञांनी खडूच्या जमिनीत एक नवा चर खणला आणि निघालेल्या मातीचा बांध घातला. बांधात कापड, चामडं, लाकूड, हाड, मातीची भांडी असं काय काय मोजूनमापून पुरलं. मग ठरवलं की दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस अशा दुपटीने वाढणाऱ्या वर्षांनी त्याचा एकेक छेद घ्यायचा, थेट १२८ वर्षांपर्यंत. बांध किती खचतो, चर किती भरतो, कापड किती काळ तग धरतं, हे सारं सुरुवात माहीत असल्यामुळे मोजता येतं. ज्यांनी तो आखला ते शेवटचा छेद बघायला असणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं.

हे कुठल्याही शाळेला जमण्यासारखं आहे. मैदानाच्या कोपऱ्यात एका तुकडीने स्वतःचं छोटं स्थळ उभं करावं: चूल मांडून जाळावी, मडकं फोडावं, हाडं-लाकूड-कापड पुरावं, वर माती ओढावी. सगळ्याची नोंद करून वही मोहोरबंद करून मुख्याध्यापकांकडे ठेवावी. चार वर्षांनी दुसऱ्या तुकडीने ते खणावं, आपला अर्थ लिहावा आणि मगच वही उघडावी. आपण काढलेले अर्थ किती बरोबर होते, हे तपासायची संधी खऱ्या उत्खननात तुम्हालाही मिळत नाही. शाळेत ती मिळू शकते. यासाठी परवाना लागत नाही, एकही अवशेष दुखावत नाही. आम्हाला फक्त तुमच्यापैकी कुणाची तरी, पहिल्या दिवशी आणि खणण्याच्या दिवशी, हजेरी हवी.

माती नको असेल तर कचरा आहे. अॅरिझोना विद्यापीठातले विल्यम रॅथजे यांनी १९७३ पासून टूसॉन शहरातल्या घरोघरीचा कचरा विद्यार्थ्यांकडून निवडून, मोजून, नोंदवून घेतला. बिअर किती पिता, असं विचारल्यावर माणसं जे सांगत आणि त्यांच्या डब्यात ज्या बाटल्या-डबे निघत, त्यांचा मेळ बसत नसे. पुढे १९८७ पासून त्यांनी कचराभूमीच खणायला घेतल्या. तिथे अनेक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं अजून वाचता येत होती. कागद लवकर कुजतो ही सर्वमान्य समजूत तिथल्या तिथे पडली. माणूस स्वतःबद्दल सांगतो ते आणि मागे टाकून जातो ते यांत फरक असतो, हे आजच्या कचऱ्यातून कळलेलं मूल तीन हजार वर्षांपूर्वीच्या उकिरड्याकडेही निराळ्या नजरेने बघेल.

आता गावकऱ्यांकडे येतो, आणि इथे माझा सूर जरा चढेल.

ज्यांच्या हातांनी जगभरातली उत्खननं झाली त्यांची नावं अहवालांत शोधून पाहा. इजिप्तमध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९३-९४ च्या हंगामात कुफ्त गावच्या लोकांना हाताशी धरून शिकवलं. त्या गावची माणसं पुढे पिढ्यान् पिढ्या इजिप्तभरच्या उत्खननांवर मुकादम म्हणून वाखाणली गेली. मातीतला बदल हाताला जाणवण्याचं त्यांचं कसब परदेशी संचालकांनी आनंदाने वापरलं. लेखक म्हणून नाव मात्र संचालकांचंच लागलं. चोरी टळावी म्हणून पेट्री सापडलेल्या वस्तूमागे बक्षिसी देत. उपाय त्या काळी व्यवहारी होता, पण त्याने संदेश एकच गेला की मोल वस्तूला आहे. ती कुठे, कशी, कशाशेजारी होती हे बघणं साहेबाचं काम. आजही मजुराला मजुरी मिळते ती खणण्याची. त्याने ‘इथे माती वेगळी लागतेय’ म्हणून हात थांबवला, तर त्या थांबण्याची नोंद कुणाच्या नावाने होते?

गावकऱ्यांकडे असलेलं ज्ञान खणण्यापुरतं नसतं. नांगराला कुठे दगड लागतो, कुठल्या शेतात पावसानंतर खापरं वर येतात, विहीर खोदताना किती हातांवर राख लागली होती, हे त्यांना माहीत असतं. तुमच्या पाहणी पथकाला हे शोधायला दोन हंगाम जातात. पहिल्याच आठवड्यात गावात बसून हे सगळं नकाशावर उतरवून घ्या, आणि त्या नकाशावर सांगणाऱ्यांची नावं त्यांच्या संमतीने घाला.

आणि प्रश्नही त्यांना विचारू द्या. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीच्या पायासाठी खणताना सतराव्या-अठराव्या शतकातली आफ्रिकी लोकांची दफनभूमी लागली. त्यांत गुलाम होते, मुक्त माणसंही होती. चारशेहून अधिक जणांचे अवशेष बाहेर काढले गेले. शहरातल्या आफ्रिकी-अमेरिकी समाजाने काम थांबवण्यासाठी आंदोलन केलं आणि संशोधन हॉवर्ड विद्यापीठात मायकल ब्लेकी यांच्याकडे गेलं. ब्लेकी यांनी त्या समाजाशी चर्चा करून संशोधनाचे प्रश्न ठरवले: ही माणसं कुठून आली, कशी जगली, आफ्रिकी असण्यापासून आफ्रिकी-अमेरिकी होण्यापर्यंत त्यांच्यात काय बदललं, त्यांनी प्रतिकार कसा केला. नुसती हाडं मोजणाऱ्याला यातला शेवटचा प्रश्न सुचला असता का, मला शंका आहे. २००३ मध्ये ते अवशेष सन्मानाने पुन्हा दफन झाले. मानवी अवशेष लागण्याची शक्यता असेल तिथे आधी गावाशी आणि पालकांशी बोला, मगच मुलांना आणा. चर उघडल्यावर बोलणं म्हणजे कळवणं झालं, विचारणं नव्हे.

लोकांना मोठ्या संख्येने सामावून घेणं अशक्य आहे, असंही म्हणू नका. जपानमध्ये ओकायामा प्रांतातल्या त्सुकिनोवा इथल्या प्राचीन दफन-टेकडीचं उत्खनन १९५३ मध्ये झालं. गावकरी, शिक्षक, विद्यार्थी अशा हजारो लोकांनी ते मिळून केलं. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिथे शाळांतून पुराणकथांनाच इतिहास म्हणून शिकवलं जात होतं. खरा इतिहास आपल्या हातांनी बघावा, ही त्यामागची ओढ होती. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ या काळात इंग्लंडमधला मेडन कॅसल हा प्राचीन टेकडी-किल्ला खणताना पाहुण्यांची रीघ लागू दिली, त्यांना माहिती सांगायला माणसं नेमली, पोस्टकार्डं छापली, पैसे उभे करायला तिथे निघालेले गोफणगुंडेसुद्धा विकले. आज कुणी गोफणगुंडे विकले तर नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. पण दारं उघडी ठेवून शिस्तबद्ध उत्खनन होऊ शकतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

सुरक्षेचं मला मान्य आहे. मुलांचा खड्डा कमरेच्या वर जाता कामा नये, खोल चरांच्या कडेला त्यांना उभं करू नये, चाळणीपाशी धूळ असते तिथे तोंडाला फडकं हवं. चोरांना वाट दाखवल्यासारखं होईल, ही भीतीही निराधार नाही. पण तुमचा हंगाम काही आठवड्यांचा, पहारेकरी असला तर एखादा. वर्षभर टेकाडाशेजारी राहतो तो गाव. रात्री तिथे दिवा हलताना दिसला तर कुणाला फोन करायचा, हे गावाला माहीत असणं तुमच्या तारेच्या कुंपणापेक्षा कामाचं.

तुमच्या येत्या हंगामाच्या आराखड्यात मला पुढील गोष्टी दिसायला हव्यात. एका दिवसाच्या सहलीऐवजी एकाच शाळेची एकच तुकडी निदान आठवडाभर. त्यातला निम्मा वेळ खणण्याचा आणि निम्मा खापरं धुण्याचा, त्यांवर क्रमांक घालण्याचा, नोंदी पडताळण्याचा. हे कंटाळवाणं काम मुलांना आवडणार नाही, असं गृहीत धरू नका. आवडलं नाही तरी ते करू द्या. मुलांच्या पुस्तिका मोहिमेच्या मूळ दप्तरात जपल्या जाव्यात, रद्दीत जाऊ नयेत. खड्डा बुजवण्याच्या दिवशीही मुलं हजर असावीत. आणि अहवाल छापायला दहा वर्षं लागणार असतील, तर हंगाम संपल्यावर महिन्याभरात गावाला त्याच्या भाषेत चार पानं लिहून द्या: काय मिळालं, काय मिळालं नाही, वस्तू कुठे ठेवल्या आहेत आणि त्या बघायच्या असतील तर कुणाला विचारायचं.

शाळेच्या बाजूने वेळापत्रकाची जबाबदारी आम्ही घेतो. परीक्षा आणि तुमचा हंगाम एकाच सुमाराला येतात, तेव्हा तारखा तीन महिने आधी कळवा. नोंदपुस्तिकेचा नमुनाही तेव्हाच पाठवा, म्हणजे मोजपट्टी, ओळंबा आणि आलेख कसे वापरायचे याचा सराव आम्ही शाळेच्या आवारातच करून घेऊ.

आपला,
एक इतिहास शिक्षक